घरच्यांना गृहीत धरून चालणारे उपचार

गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर कागदावर गोळ्या लिहून देतात, पुढची तारीख देतात आणि सोबत आलेल्या नातेवाइकाला सांगतात, ‘लक्ष ठेवा.’ त्या लक्ष ठेवण्यात काय काय येते हे सांगायला मात्र कुणाला वेळ नसतो. गोळी गिळली की गालात धरून ठेवली हे पाहायचे. रात्री दोन वाजता येरझाऱ्या ऐकू आल्या तर उठायचे की पडून राहायचे हे ठरवायचे. ‘शेजारचे माझ्यावर पाळत ठेवतात’ या वाक्याला काय उत्तर द्यायचे ते शोधायचे. बँकेचे कार्ड कुणाकडे ठेवायचे, पाहुण्यांना काय सांगायचे, कामावर रजा मागताना कोणते कारण द्यायचे, हेही त्यातच आले. यातले काहीही शिकवलेले नसते. तरी दुसऱ्या दिवसापासून ते सगळे बिनचूक जमावे अशी अपेक्षा असते, आणि नाही जमले तर पुढच्या भेटीत पहिला प्रश्न येतो, ‘औषध कसे काय चुकले?’

स्किझोफ्रेनिया (भास, भ्रम आणि संशय यांचा आजार) आणि बायपोलर (मन कधी टोकाच्या उत्साहात, तर कधी खोल नैराश्यात नेणारा) हे आजार आठवड्याभराच्या तापासारखे येऊन जात नाहीत. जगात दोन कोटींहून अधिक लोकांना स्किझोफ्रेनिया आहे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो बहुधा सतराव्या-अठराव्या वर्षापासून तिशीच्या आत सुरू होतो. म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षे कुणीतरी सोबत लागणार असते, आणि हे कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा आई, बायको किंवा बहीण. माझे म्हणणे सरळ आहे. या माणसांना आजार समजावून सांगणे, अधूनमधून मोकळे करणे आणि निर्णयांत सामील करून घेणे हा उपचाराचाच भाग आहे. तो दिला नाही तर उपचार अर्धवट दिले असे म्हणायला हवे, मग गोळी कितीही नेमकी असो.

हा भार घरांवर आला कसा, ते थोडक्यात पाहू. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझिन हे औषध मनोविकारांवर वापरले जाऊ लागले आणि आयुष्यभर मनोरुग्णालयात पडून राहिलेली माणसे बाहेर येऊ शकतील अशी शक्यता पहिल्यांदा दिसली. अमेरिकेत १९५५ मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. पुढच्या काही दशकांत ती रुग्णालये मोठ्या प्रमाणावर रिकामी झाली. इटलीने १९७८ मध्ये कायदा करून मनोरुग्णालये बंद करण्याचाच मार्ग धरला. हे योग्यच झाले. माणसाला भिंतीआड डांबून आयुष्य काढायला लावणे हा उपचार नव्हता. पण रुग्ण बाहेर पडला तसा पैसा त्याच्यामागून बाहेर आला नाही. अमेरिकेत १९६३ च्या कायद्याने वस्त्यावस्त्यांत मानसिक आरोग्य केंद्रे काढायचे ठरले आणि त्यातली बरीचशी कधी उभीच राहिली नाहीत. जिथे अशी केंद्रे कागदावरही आली नाहीत, तिथे तर प्रश्नच मिटला. जी जागा केंद्रांची होती, ती घरांनी भरून काढली.

आणि घरे ही जागा भरून काढत असतानाच शास्त्र त्यांच्याकडे आरोपी म्हणून पाहत होते. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्ये स्किझोफ्रेनिया निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली. थंड, वर्चस्व गाजवणारी आई मुलाला आजारी करते, असा तिचा अर्थ घेतला गेला. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आई-वडिलांच्या परस्परविरोधी बोलण्यातून मुलाची कोंडी होते आणि त्यातून आजार उद्भवतो असा सिद्धांत पुढे आणला. पुराव्यावर यांतले काही टिकले नाही. आनुवंशिकता आणि मेंदूच्या जडणघडणीचा वाटा मोठा असतो हे आता पक्के माहीत आहे. पण मधल्या काळात एका पिढीतल्या किती आयांनी मुलाच्या आजारासाठी स्वतःला दोष देत दिवस काढले असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात अशाच दोन आयांच्या भेटीतून कुटुंबीयांची एक संघटना उभी राहिली. ‘नामी’ या नावाने ती आज त्या देशभर पसरली आहे. तिचा पहिला आग्रह हाच होता की आम्हाला गुन्हेगार समजू नका आणि आम्हाला बाहेर बसवू नका.

आता जरा नाजूक मुद्द्याकडे येतो. आजार घराने निर्माण केलेला नसतो. पण घरातल्या वागण्याचा आजाराच्या पुढच्या वाटचालीवर परिणाम होतो, हेही खरे आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी धरून ठेवणे अवघड जाते आणि म्हणून बहुतेक लोक त्यातले एकच धरतात.

१९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने रुग्णालयातून सुटलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. निष्कर्ष अनपेक्षित होता. आई-वडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांपेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांची प्रकृती अधिक स्थिर राहिली. पुढच्या संशोधनात यामागची कारणे हळूहळू स्पष्ट झाली. घरातले लोक रुग्णाबद्दल बोलताना किती टीका करतात, किती चीड दाखवतात आणि त्याच्या काळजीत स्वतःला किती गुरफटून घेतात, हे मोजले गेले. १९७६ मध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी दाखवले की जिथे हे तिन्ही कमी, तिथे आजार पुन्हा उचल खाण्याचे प्रमाण कितीतरी कमी. जिथे जास्त, तिथे दोन गोष्टी रुग्णाला वाचवतात: नियमित औषध, आणि अशा नातेवाइकाबरोबर समोरासमोर घालवलेला वेळ आठवड्याला पस्तीस तासांहून कमी असणे. हे स्किझोफ्रेनियापुरतेच नाही. तीव्र नैराश्य आणि खाण्याशी संबंधित विकार यांतही नंतर तेच दिसले.

हे निष्कर्ष वाचून एखादा डॉक्टर घरच्यांना म्हणू शकतो, ‘तुम्ही टोकता म्हणून तो बिघडतो.’ तसे म्हटले जातेही. मला हा वाचनाचा दोष वाटतो. टीका कशातून येते ते पाहिले पाहिजे. भास होतात, आवाज ऐकू येतात, संशय येतो, ही लक्षणे घरच्यांना आजार म्हणून लवकर पटतात, कारण ती विचित्र दिसतात. पण या आजाराची दुसरी बाजू आहे. उत्साह आटतो, बोलणे कमी होते, चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात, अंघोळ टाळली जाते, दुपारी बारापर्यंत अंथरूण सुटत नाही. यात विचित्र काही दिसत नाही. यात दिसतो आळस. ‘मुद्दाम करतो.’ ‘आवाज यायचे थांबले, आता काय झालंय त्याला?’ ‘मनात आणलं तर उठेल.’ घराघरांत हीच वाक्ये ऐकू येतात, आणि संशोधनही सांगते की नातेवाईक जे वागणे रुग्णाच्या हातातले आहे असे समजतात त्यावरच जास्त टीका करतात. म्हणजे टीकेच्या मुळाशी दुष्टपणा नसतो, माहितीचा अभाव असतो. अंथरुणातून न उठणे हेही मेंदूच्या आजाराचे लक्षण आहे, गोळ्या त्यावर फारशा चालत नाहीत, कधी कधी गोळ्यांनीच सुस्ती वाढते, हे पहिल्याच महिन्यात कुणी शांतपणे बसून सांगितले असते, तर कितीतरी घरांतली वर्षानुवर्षांची भांडणे झालीच नसती.

गुरफटण्याचेही तसेच. आई मुलाच्या खोलीबाहेर झोपते, स्वतःची कामे सोडते, त्याच्या वतीने बोलते, त्याला एकटे रस्त्यावर जाऊ देत नाही. बाहेरच्याला वाटते ही अतिरेक करते. पण मागच्या वेळी तो निघून गेला होता आणि तीन दिवस सापडला नव्हता, हे तिला आठवत असते. त्या भीतीवर ‘इतकं करू नका’ हा सल्ला चालत नाही. भीतीवर उपाय म्हणजे आजार उचल खाण्याआधीच्या खुणा ओळखता येणे, आणि त्या दिसल्या तर नेमके कुणाला फोन करायचा हे माहीत असणे. झोप कमी होणे, जेवणावरचे मन उडणे, पूर्वीचाच एखादा विषय पुन्हा पुन्हा निघणे, अशा प्रत्येक रुग्णाच्या आपापल्या ठरावीक खुणा असतात. त्या घरच्यांना ठाऊक असतात. विचारत कुणी नाही.

शिकवल्याने फरक पडतो का? पडतो, आणि चांगला पडतो. लेफ यांच्याच गटाने १९८२ मध्ये ताण जास्त असलेली चोवीस घरे घेतली. सगळ्या रुग्णांना औषध चालू होते. निम्म्या घरांना त्यासोबत आजाराची माहिती, नातेवाइकांचे गट आणि घरी येऊन केलेली चर्चा मिळाली. नऊ महिन्यांत ज्यांना हे मिळाले नाही त्यांतल्या निम्म्या रुग्णांचा आजार परतला. मिळाले त्यांच्यात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत राहिले. चोवीस घरे म्हणजे लहान संख्या, हे मान्य. पण नंतर अनेक देशांत झालेल्या चाचण्यांचा कल तोच राहिला, भले फरक इतका मोठा नसेल. इंग्लंडमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी संस्था, नाइस, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या घरच्यांसाठी तीन महिने ते वर्षभराच्या काळात किमान दहा सत्रे असावीत असे सांगते. दहा सत्रे. एखादे नवे औषध आजाराचे परतणे इतके कमी करत असते तर ते न लिहिणाऱ्या डॉक्टरला आपण जाब विचारला असता.

यात परदेशी असे काही नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारातच तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिले. त्यांच्याशी ते रोज बोलत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रानेही १९५७ पासून कुटुंबीयांनी सोबत राहण्याची पद्धत रुजवली. डॉक्टर रुग्णाशी कसे बोलतात हे नातेवाईक पाहतात, चुका करतात, विचारतात, बाजूच्या खोलीतल्या दुसऱ्या कुटुंबाकडून शिकतात. बाजूच्या खोलीचे मोल मला फार वाटते. आपल्यासारखे आणखी कुणी आहे हे कळल्यावर माणसाची मान जितकी ताठ होते, तितकी कोणत्याही समुपदेशनाने होत नाही. स्वमदत गटांची ताकदही हीच आहे.

सगळ्यात कठीण प्रसंग असतो तो रुग्णाला आपण आजारी आहोत हेच मान्य नसते तेव्हाचा. हा हट्ट नसतो. स्किझोफ्रेनियाच्या बऱ्याच रुग्णांमध्ये आजाराची जाणीव नसणे हा आजाराचाच भाग असतो. घरचे पुरावे देतात, वाद घालतात, शेवटी ओरडतात. भ्रम वादाने सुटत नाही, उलट घट्ट होतो. झेवियर अमाडोर या मानसशास्त्रज्ञाच्या सख्ख्या भावाला हा आजार होता. वाद सोडा, आधी ऐका, त्याच्या भावनेशी सहमत व्हा, मग ज्या गोष्टीवर दोघांचे जमते, म्हणजे नीट झोप लागणे किंवा पुन्हा रुग्णालयात न जावे लागणे, तिथून बोलणे सुरू करा, असे ते अनुभवातून सांगत आले. ‘कुणी पाळत ठेवत नाही’ असेही म्हणायचे नाही आणि ‘हो, ठेवतात’ असेही नाही. ‘तुला किती भीती वाटत असेल’ एवढे म्हणता येते. ऐकायला सोपे वाटते, पण दिवसभराच्या थकव्यानंतर रात्री अकरा वाजता ते जमण्यासाठी सराव लागतो.

तो सराव नसतो, म्हणून जेवणात गुपचूप गोळी मिसळली जाते. याबद्दल उघड बोलले जात नाही, पण जगभर हे घडते. मी त्या घरांना क्रूर म्हणणार नाही. दुसरा कोणताही रस्ता दाखवला गेला नव्हता, म्हणून त्यांनी हा घेतला. तरीही ते चुकीचेच आहे. ज्याला आधीच वाटते आहे की माझ्या अन्नात काही घालतात, त्याला एक दिवस ते खरे असल्याचे कळते. त्यानंतर त्या घरातला विश्वास परत उभा राहायला किती वर्षे लागतील हे सांगता येत नाही. महिन्यातून एकदा घेण्याचे इंजेक्शन हा पर्याय रुग्णाशी बोलून वेळेत पुढे आणला, तर रोजच्या गोळीवरचे रोजचे युद्ध टळू शकते.

डॉक्टरांकडून एक उत्तर हमखास मिळते: ‘रुग्ण सज्ञान आहे, आम्ही त्याची माहिती देऊ शकत नाही.’ गोपनीयतेचा मी पूर्ण आदर करतो. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याचीच आहे. पण गोपनीयतेचा नियम डॉक्टरला बोलण्यापासून अडवतो, ऐकण्यापासून नाही. आठवडाभर झोपला नाही हे आई सांगत असेल तर ते ऐकायला कोणाची परवानगी लागत नाही. या आजारात काय होते, बायपोलरवरचे लिथियम हे औषध चालू असताना उलट्या-जुलाब झाले तर ताबडतोब डॉक्टरांना का कळवायचे, स्किझोफ्रेनियावरचे क्लोझपिन हे औषध चालू असेल तर रक्ततपासणी का चुकवायची नाही, ही माहिती कोणत्याही पुस्तकात छापलेली आहे. तिच्यात गुपित कुठले?

दुसऱ्या बाजूची भीतीही खरी आहे. कुटुंब म्हणजे नेहमी माया नसते. मालमत्तेसाठी ‘वेडा’ ठरवणारे नातेवाईक असतात, खोलीत कोंडणारे असतात, मुलीला आजार आहे म्हणून तिला न विचारता तिचे आयुष्य ठरवणारे असतात. म्हणून सगळा अधिकार घरच्यांच्या हाती देऊन मोकळे होणे हा उपाय होऊच शकत नाही. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याची आणि पुढे प्रकृती बिघडल्यास कोणते उपचार हवेत वा नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची सोय दिली आहे. प्रकृती चांगली असताना रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून असा कागद केला, तर संकटाच्या रात्री घरच्यांना आपल्या मनाने काही करावे लागत नाही. त्यांनी त्याचेच ऐकलेले असते. ज्या घरांनी एकदा हे केले त्यांच्यातले भांडण निम्मे तरी कमी झाले असणार, असे मला वाटते.

संकटाची रात्र आली तर कुणाला बोलवायचे? बहुतेक ठिकाणी एकच उत्तर आहे, पोलीस. आजारी माणसांतले बहुसंख्य कधीच हिंसक होत नाहीत. त्यांनाच मारहाण आणि फसवणूक सोसावी लागण्याची शक्यता जास्त असते. पण जेव्हा एखादा बेभान होतो तेव्हा समोर घरचेच असतात, आणि गणवेशातली माणसे पाहून त्याचा संशय शिगेला पोहोचतो. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पोलिसांच्या गोळीबारात एका मनोरुग्णाचा जीव गेल्यानंतर १९८८ मध्ये तिथल्या पोलिसांना अशा प्रसंगांसाठी खास प्रशिक्षण देण्यात आले आणि ती पद्धत पुढे अनेक शहरांनी उचलली. त्यातही घरच्यांच्या संघटनेचा हात होता.

सांभाळणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दुःखाबद्दल फार कमी बोलले जाते. पॉलिन बॉस या संशोधक बाईंनी अशा दुःखाचे वर्णन केले आहे, ज्यात माणूस समोर असतो आणि तरी हरवलेला असतो. मृत्यूनंतर लोक भेटायला येतात, धीर देतात. इथे कुणी येत नाही, कारण गेलेले कुणीच नाही. कॉलेजात पहिला येणारा मुलगा खुर्चीवर बसून भिंतीकडे पाहतो आणि त्याच्या आईला रडायला काही कारण उरत नाही. त्यात कधीतरी ‘हे सगळं संपावं’ असा विचार मनात येतो, आणि मग त्या विचाराची लाज वाटते. अशा विचाराने कोणी वाईट ठरत नाही. तो थकव्याचा आवाज असतो आणि त्याला उत्तर म्हणून विश्रांतीच द्यावी लागते. आठवड्यातून एक मोकळी दुपार, वर्षातून दहा-पंधरा दिवस रुग्णाने विश्वासाच्या दुसऱ्या ठिकाणी राहणे. इंग्लंडच्या २०१४ च्या केअर ॲक्टने सांभाळ करणाऱ्याच्या स्वतःच्या गरजांची वेगळी तपासणी करून घेण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क प्रत्यक्षात किती मिळतो हा वादाचा विषय असेल, पण कायद्याने सांभाळ करणाऱ्याला रुग्णाहून वेगळा माणूस मानले, हे मोठे पाऊल आहे.

‘घरच्यांनी घरच्यांना सांभाळायचं, त्यात मदत कसली मागायची?’ असे म्हणणारे भेटतात. कर्तव्य आहेच. चाळीस वर्षे ते निभावणाऱ्यांना कर्तव्य शिकवण्याची गरज नाही. कर्तव्याचे नाव घेऊन समाजाने आणि सरकारने आपली जबाबदारी झटकणे मात्र थांबले पाहिजे. पैशाचा मुद्दा काढणाऱ्यांनीही एक हिशेब करावा. एकदा आजार परतला की रुग्णालयात भरती, बुडालेली नोकरी, कधी दोघांच्या नोकऱ्या, आणि प्रत्येक खेपेनंतर आधीच्या पातळीवर यायला लागणारा वाढता काळ. त्यापुढे दहा सत्रांचा खर्च कितीसा?

आणि मग तो प्रश्न, जो प्रत्येक आई-वडिलांच्या तोंडी कधी ना कधी येतोच: ‘आमच्यानंतर याचं कसं होणार?’ बहुतेक घरांत उत्तर गृहीत धरलेले असते, भाऊ किंवा बहीण बघेल. त्या भावंडाला कुणी विचारलेले नसते. लहानपणापासून त्याने घरातले सगळे लक्ष दुसरीकडे जाताना पाहिलेले असते, आणि हाच आजार आपल्यालाही होईल का ही भीती त्याने कुणाला सांगितलेली नसते. त्याला विचारायला हवे, आणि ‘मी एवढंच करू शकेन’ असे उत्तर आले तर ते राग न धरता स्वीकारायला हवे. पैसे तो बघेल, पण एका घरात राहणार नाही, असे उत्तरही चांगले उत्तर आहे. आजवर कोणती औषधे दिली, कोणती चालली नाहीत, बिघडण्याआधी काय दिसते, काय केले की तो शांत होतो, हे सगळे आईच्या डोक्यात असते, ते एका वहीत उतरायला हवे. आणि देखरेखीखालचे, लहान, वस्तीत असलेले निवास हवेत, जिथे रुग्ण आई-वडील हयात असतानाच जाऊ लागेल. आधी आठवड्यातून दोन दिवस, मग चार. वडील गेल्याच्या आठवड्यातच घरही बदलले तर एका माणसावर दोन आघात एकदम होतात, आणि त्यातच औषध सुटते. असे निवास काढण्यासाठी आई-वडिलांनी सत्तरी गाठण्याची वाट पाहून चालणार नाही. त्यांनी साठी ओलांडायच्या आत ही जागा ठरलेली असावी, आणि ती ठरवून देण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या व्यवस्थेची असावी.